खून की सदोष मनुष्यवध? चिचगडपासून नागपूरपर्यंतचा एक प्रश्न

१/
चिचगड हे गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेजवळचे, जंगल आणि धानशेतीच्या मुलखातले गाव. तेथील पोलीस ठाण्यात एखाद्या हत्येचा गुन्हा नोंदला गेला की त्याचा मार्ग ठरलेला असतो. आधी तपास, मग दंडाधिकाऱ्यांपुढे दोषारोपपत्र, नंतर सत्र न्यायालयात खटला, आणि शिक्षा झाल्यास मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अपील. अपिलापर्यंत पोहोचलेल्या अनेक प्रकरणांत ‘मारले कोणी’ हा वाद मागे पडलेला असतो. उरतो तो वेगळाच प्रश्न: घडला तो खून, की खून न ठरणारा सदोष मनुष्यवध? या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो ज्यांनी घडवला त्यांत एक महत्त्वाचे नाव नागपूरचेच आहे.

२/
हा फरक केवळ नावाचा नाही. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०२ मध्ये खुनाला मृत्युदंड किंवा जन्मठेप, या दोनच शिक्षा आहेत. न्यायाधीशाला त्याखाली उतरण्याची मुभा नाही. कलम ३०४ चे मात्र दोन भाग आहेत. मृत्यू घडवण्याचा, किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव असलेली दुखापत करण्याचा उद्देश असेल तर पहिला भाग लागतो: जन्मठेप, अथवा १० वर्षांपर्यंत कारावास आणि दंड. उद्देश नव्हता, फक्त मृत्यू ओढवण्याचा संभव आहे ही जाणीव होती, तर दुसरा भाग: १० वर्षांपर्यंत कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. एका शब्दाच्या निवडीवर माणसाच्या आयुष्यातली किती वर्षे अवलंबून असतात, ते यावरून ध्यानात यावे.

३/
समजण्यासाठी एक कल्पित प्रसंग घेऊ. पावसाळा सुरू आहे. दोन शेजाऱ्यांच्या धानाच्या बांध्यांमध्ये सामाईक धुरा आहे. पाणी कोणी कोणाच्या बांधीत सोडले यावरून बोलाचाली होते. एकजण जवळच उभ्या असलेल्या बैलगाडीची उभारी उपसतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात घालतो. वार एकच. जखमी माणूस तिसऱ्या दिवशी रुग्णालयात मरण पावतो. आता प्रसंग थोडा बदलू. बोलाचाली संपते, एकजण घरी जातो, तासाभराने कुऱ्हाड घेऊन परत येतो आणि मानेवर तीन घाव घालतो. दोन्ही वेळा माणूस मेला, दोन्ही वेळा कारण धुरा. कायदा मात्र या दोन मृत्यूंकडे एकाच नजरेने पाहत नाही.

४/
हा भेद संहितेच्या शब्दांतच आहे. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली मसुदा सादर केला, १८६० साली कायदा संमत झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलात आला. कलम २९९ सदोष मनुष्यवधाची व्याख्या करते, कलम ३०० खुनाची. दोन्ही कलमे ‘उद्देश’ आणि ‘जाणीव’ या शब्दांभोवती फिरतात, आणि दोन्हींची भाषा इतकी जवळची आहे की पहिल्या वाचनात फरक हाती लागत नाही. एका ठिकाणी ‘मृत्यू ओढवण्याचा संभव असलेली’ दुखापत आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ‘सामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यू ओढवण्यास पुरेशी’ दुखापत. ‘संभव’ आणि ‘पुरेशी’ यांच्यामधल्या अंतराचे मोजमाप न्यायालयांनाच करावे लागले.

५/
ते मोजमाप प्रथम नीट मांडले गेले मुंबई उच्च न्यायालयात, १८७६ साली. प्रकरण ‘राणी विरुद्ध गोविंदा’ या नावाने ओळखले जाते. आरोपी अठरा वर्षांचा तरुण, मृत त्याची पंधरा वर्षांची पत्नी. त्याने तिला लाथ मारली, पाठीवर ठोसे मारले. ती खाली पडल्यावर तिच्या छातीवर गुडघा ठेवून तोंडावर दोन-तीन ठोसे लगावले. डाव्या डोळ्यावर बसलेल्या ठोशाने कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव होऊन मुलगी दगावली. सत्र न्यायाधीशांनी खून ठरवून फाशी सुनावली. उच्च न्यायालयातील दोन न्यायमूर्तींचे या प्रश्नावर मतभेद झाले, म्हणून प्रकरण न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्यापुढे गेले.

६/
मेलव्हिल यांनी केलेली गोष्ट साधी होती. त्यांनी कलम २९९ आणि कलम ३०० शेजारी शेजारी मांडली आणि खंडामागून खंड ताडून पाहिला. मृत्यू घडवण्याचाच उद्देश असेल, तर तो दोन्हीकडे सारखा. त्यापुढे फरक सुरू होतो. दुखापतीने मृत्यूचा नुसता संभव असेल तर सदोष मनुष्यवध; ती निसर्गक्रमाने मृत्यूला पुरेशी असेल तर खून. एखाद्याचा विशिष्ट आजार मारणाऱ्याला ठाऊक असेल, आणि त्या आजारामुळे इतरांना न मारणारा फटका याला मारील हे तो जाणत असेल, तरीही खून. केवळ जाणिवेचा प्रश्न असेल तेव्हा धोक्याची तीव्रता पाहायची: मृत्यू ओढवेल अशी दाट शक्यता असेल तर खून, कमी असेल तर सदोष मनुष्यवध. एकूण प्रश्न शक्यतेच्या प्रमाणाचा.

७/
या कसोटीवर बंद मुठीचा ठोसा निसर्गक्रमाने मृत्यूला ‘पुरेसा’ नाही, मात्र डोके जमिनीवर टेकलेले असताना डोळ्यावर जोराने मारलेल्या ठोशाने मृत्यूचा ‘संभव’ आहे, असे मेलव्हिल यांनी ठरवले. फाशी रद्द झाली आणि ७ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. आजच्या वाचकाला हा निकाल अस्वस्थ करील, आणि ती अस्वस्थता रास्त आहे. छातीवर गुडघा रोवलेल्या पंधरा वर्षांच्या मुलीला प्रतिकाराची काही संधी नव्हती. तरीही निकालाची पद्धत त्यातील शिक्षेपेक्षा दीर्घायुषी ठरली. आजही देशातील न्यायालये या प्रश्नापाशी आली की हीच दोन कलमांची तुलना पुढ्यात घेतात.

८/
१८७६ साली चिचगडचा मुंबईच्या न्यायालयाशी काही संबंध नव्हता. चिचगड ही तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील एक जमीनदारी, आणि भंडारा मध्य प्रांतात. १८६१ साली स्थापन झालेल्या या प्रांताचे सर्वोच्च न्यायपीठ म्हणजे नागपूरचे न्यायिक आयुक्त. १९३६ साली त्या जागी नागपूर उच्च न्यायालय आले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नागपुरात मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ सुरू झाले. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्हा, प्रांत, राज्य सारे बदलले, तरी चिचगडच्या माणसाचा अपिलाचा रस्ता नागपूरकडेच जात राहिला.

९/
त्याच नागपुरात व्हिव्हियन बोस हे १९३६ पासून उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, आणि १९४९ पासून सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत, म्हणजे १९५१ पर्यंत, मुख्य न्यायमूर्ती. पुढे १९५८ साली त्यांनी ‘विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य’ हा निकाल लिहिला. पोटात भाल्याचा एकच वार, आतडी बाहेर आलेली, जखमी माणूस दुसऱ्या दिवशी मृत. बचावाचा युक्तिवाद असा, की मृत्यूला पुरेशी ठरेल एवढी मोठी जखम करण्याचा आरोपीचा उद्देश होता, हे सरकार पक्षाने सिद्ध केलेले नाही. बोस यांनी तो स्वीकारला नाही. खुनाची शिक्षा कायम राहिली.

१०/
बोस यांनी सांगितलेल्या पायऱ्या चार. पहिली: शरीरावर दुखापत आहे हे सिद्ध व्हावे. दुसरी: तिचे स्वरूप, म्हणजे ती कोठे आहे, किती खोल आहे, हे सिद्ध व्हावे. तिसरी: आरोपीला नेमकी तीच दुखापत करायची होती, ती अपघाताने किंवा अनवधानाने झालेली नाही, आणि त्याला वेगळीच एखादी दुखापत करायची होती असेही नाही. चौथी: ती दुखापत सामान्य निसर्गक्रमानुसार मृत्यूला पुरेशी आहे का. ही चौथी पायरी वस्तुनिष्ठ आहे. तेथे आरोपीच्या मनात काय होते हे विचारले जात नाही; शरीरशास्त्र काय सांगते ते पाहिले जाते. म्हणून ‘एकच वार होता, म्हणजे खून नव्हे’ ही गावोगावी आणि कधी कधी वकिलांच्या युक्तिवादातही आढळणारी समजूत चुकीची आहे.

११/
खुनाच्या व्याख्येत बसणारे कृत्यही काही परिस्थितीत खून ठरत नाही. कलम ३०० ला पाच अपवाद आहेत. पहिला, गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा, महाराष्ट्राला नानावटी खटल्यामुळे परिचित आहे. नौदल अधिकारी नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी पत्नीच्या प्रियकरावर गोळ्या झाडल्या. ज्युरीने त्यांना ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवले, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. पत्नीची कबुली ऐकल्यावर नानावटी कुटुंबाला चित्रपटगृहात सोडून आले, जहाजावर गेले, तेथून पिस्तूल घेतले आणि मग त्या घरी पोहोचले. मधे सुमारे तीन तास गेले होते. राग निवण्यास आणि विचार करण्यास एवढा वेळ पुरेसा होता, असे न्यायालयाने मानले.

१२/
गावखेड्यांतील अपिलांमध्ये अधिक वेळा पुढे येतो तो चौथा अपवाद: अचानक उद्भवलेले भांडण. त्याच्या अटी चार. पूर्वयोजना नसावी, भांडण अचानक झालेले असावे, कृत्य रागाच्या भरात घडलेले असावे, आणि मारणाऱ्याने परिस्थितीचा गैरफायदा घेतलेला किंवा क्रूर वा विलक्षण रीतीने वागलेले नसावे. चौथी अट विसरली की अपवाद घातक ठरतो. पडलेल्या, निःशस्त्र, प्रतिकार न करणाऱ्या माणसावर पुन्हा पुन्हा घाव घालणाऱ्याला ‘भांडण अचानक झाले’ एवढ्यावर सूट मिळू नये. अपवाद दाखवून देण्याचा भार आरोपीवर असतो, पण तो संभाव्यतेच्या तोलाइतकाच. सरकारी साक्षीदारांच्या तोंडूनही तो पेलला जाऊ शकतो.

१३/
अपील म्हणजे गुन्हा खालच्या पायरीवर उतरवण्याचे ठिकाण, हाही एक गैरसमज. गोविंदा प्रकरणानंतर शंभर वर्षांनी, १९७६ साली, सर्वोच्च न्यायालयाने ‘आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध रायवरपु पुन्नय्या’ मध्ये उलट दिशेने निर्णय दिला. एका माणसाला जड काठ्यांनी हातापायांवर मारून त्याची हाडे मोडली होती. मर्मस्थानावर वार नाही, म्हणून उच्च न्यायालयाने खुनाऐवजी कलम ३०४ चा दुसरा भाग लावला होता. न्यायमूर्ती सरकारिया यांनी सर्व जखमांचा एकत्रित परिणाम पाहिला आणि खुनाची शिक्षा पुन्हा लावली. सदोष मनुष्यवध ही जात आणि खून ही तिची पोटजात, आणि न्यायालयाने आधी मृत्यू आरोपीच्या कृत्याने झाला का, मग कलम २९९, मग कलम ३००, अशा क्रमाने जावे, हेही याच निकालाने ठसवले.

१४/
उद्देश मनात असतो, आणि मन साक्षीला बोलावता येत नाही. म्हणून तो बाहेरच्या खुणांवरून वाचावा लागतो. २००६ साली ‘पुलिचेर्ला नागराजू’ प्रकरणात न्यायमूर्ती रवींद्रन यांनी त्या खुणा एकत्र मांडल्या. हत्यार कोणते, ते बरोबर आणले की जागेवरच उचलले, वार मर्मस्थानी होता का, जोर किती, वार एक की अनेक, वैर जुने की नाही, भांडण अचानक की ठरवून, प्रक्षोभ होता का, गैरफायदा घेतला का. एखादे फळ तोडणे, गुरे दुसऱ्याच्या शेतात शिरणे, मुलांची भांडणे, एखादा उणा शब्द, अशा क्षुल्लक कारणांवरून भांडण पेटून मृत्यूपर्यंत जाते, याची दखलही त्या निकालाने घेतली. धुऱ्यावरचे भांडण याच मालिकेतले.

१५/
आता कल्पित प्रसंगाकडे परत येऊ. पहिल्या रूपात उभारी जागेवरची, वार एक, जुने वैर नाही, भांडण अचानक. येथे चौथ्या अपवादाचा विचार झालाच पाहिजे. वार डोक्यावर असल्याने कलम ३०४ चा पहिला भाग की दुसरा, हे जखमेच्या स्वरूपावर ठरेल. दुसऱ्या रूपात कुऱ्हाड घरून आणलेली, मधे तास गेलेला, मानेवर तीन घाव. तेथे खून. याउलट बोलाचालीत नुसता धक्का लागून माणूस दगडावर पडला असता, तर कदाचित सदोष मनुष्यवधही सिद्ध झाला नसता. तिन्ही प्रसंगांत घरातले दुःख सारखेच. मृत्यू किती मोठा आहे यावर गुन्ह्याचे नाव ठरत नाही. मारणाऱ्याचा उद्देश आणि जाणीव काय होती यावर ते ठरते.

१६/
कसोट्या जुन्या आहेत, स्पष्ट आहेत. मग हा भेद अपिलात जाऊन का करावा लागतो? तो पहिल्याच न्यायालयात पूर्णपणे केला जावा, हा या लेखाचा आग्रह आहे. त्याला कायद्याची आडकाठी नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २२२ सांगते, की मोठ्या गुन्ह्याचा आरोप असताना पुराव्याने लहान गुन्हाच सिद्ध झाला, तर त्या लहान गुन्ह्याबद्दल वेगळा आरोप नसतानाही दोषी ठरवता येते. म्हणजे कलम ३०२ चा खटला चालवणारे सत्र न्यायालय कलम ३०४ वर थांबू शकते. त्यासाठी निकालपत्रात ‘आरोपीनेच मारले’ या निष्कर्षानंतर आणखी काही पाने हवीत: कलम ३०० चा कोणता खंड, कोणत्या पुराव्यावर, आणि कोणताही अपवाद का लागू नाही.

१७/
त्याची तयारी मात्र न्यायालयाच्या फार आधी, पोलीस ठाण्यापासूनच व्हायला हवी. उभारी गाडीची होती की घरून आणलेली, हे घटनास्थळाच्या पंचनाम्यात नोंदले गेले नाही, तर पुढे कोणताही न्यायाधीश ते शोधू शकत नाही. जप्त हत्यार शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना साक्षीत दाखवले गेले पाहिजे. ही जखम निसर्गक्रमानुसार मृत्यूला पुरेशी होती का, हा प्रश्न त्यांना थेट विचारला गेला पाहिजे. ‘डोक्याला इजा होऊन मृत्यू’ एवढ्या ओळीवर विरसा सिंग निकालातील चौथी पायरी चढता येत नाही. तो प्रश्न विचारायचा राहिला, की नुकसान कधी आरोपीचे होते, कधी मृताच्या कुटुंबाचे.

१८/
उशिराची किंमत कोण मोजतो, हेही पाहावे. अपिलाच्या अंतिम सुनावणीला वर्षे लागतात. तोवर जामीन मिळाला नाही, आणि शेवटी कलम ३०४ चा दुसरा भाग लागला, तर ‘भोगली तेवढी शिक्षा पुरे’ असा आदेश होतो. त्या क्षणी ती दुरुस्ती कागदावरच राहते. भोगलेली वर्षे परत येत नाहीत. कायदेशीर सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि तुरुंगातूनही अपील करता येते. पण हक्क असणे आणि चिचगडच्या जंगलपट्टीतील कुटुंबाने नागपूरला जाऊन जामीनदार उभा करणे, यांत मोठे अंतर आहे.

१९/
याला एक आक्षेप घेतला जाईल: हा विचार मारणाऱ्याची बाजू घेणारा आहे, मेलेल्याचे काय? आक्षेप वजनदार आहे. गोविंदा प्रकरणातील त्या मुलीचे नाव कायद्याच्या चर्चेत कोणी घेत नाही. निकाल तिच्या मारेकऱ्याच्या नावानेच ओळखला जातो. घरातल्या बाईला झालेली मारहाण ‘रागाच्या भरात’ या दोन शब्दांत सामावून टाकण्याचा मोह आजही टाळला पाहिजे. पण त्यावरचा उपाय म्हणजे प्रत्येक मृत्यूला खून म्हणणे नव्हे. कारणे लिहून केलेला भेद मृताच्या कुटुंबालाही उपयोगी पडतो. ३१ डिसेंबर २००९ पासून मृताच्या वारसांना, आरोपीला कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवल्यास, स्वतः अपील करण्याचा हक्क आहे. पहिल्या निकालात कारणेच नसतील, तर ते अपील कशाविरुद्ध करायचे?

२०/
१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. आता सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम १०० मध्ये, खुनाची कलम १०१ मध्ये, आणि त्यांच्या शिक्षा अनुक्रमे कलम १०५ आणि १०३ मध्ये आहेत. सदोष मनुष्यवधाच्या पहिल्या भागात, जन्मठेप न दिल्यास, किमान ५ वर्षांचा कारावास आला आहे. व्याख्यांचा गाभा मात्र तोच, त्यामुळे मेलव्हिल, बोस आणि सरकारिया यांच्या कसोट्या यापुढेही लागतील. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांची अपिले जुन्या कलमांखालीच चालत राहतील. चिचगडला नोंदलेल्या गुन्ह्यात या कसोट्या गोंदियाच्या सत्र न्यायालयातच, साक्षीदारांची आठवण ताजी असताना आणि डॉक्टर साक्षीच्या पिंजऱ्यात उभे असताना लावल्या जाव्यात. नागपूरच्या न्यायमूर्तींनी नंतर त्या तपासाव्यात. पहिल्यांदा लावण्याची वेळ त्यांच्यावर येऊ नये.